तुमच्या भाचीची खुर्ची

ती. मामा,

नमस्कार. (पत्रात साष्टांग लिहितात, पण माझी कंबर धरली आहे हे फोनवर सांगून झालेलं असल्यामुळे खोटं लिहवत नाही. हात जोडले आहेत असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी म्हणत होत्या की डॉक्टरांनी दिलेल्या काठीने तुम्ही फक्त मांजर हाकलता. तसं करू नये. इकडे माझी प्रकृती बरी आहे. स्वयंपाक मीच करतो आणि नावंही मीच ठेवतो, त्यामुळे वाद होत नाहीत.

तुमची भाची गेल्यापासून तुम्हाला पत्र लिहायला एकदोनदा बसलो, पण 'इकडे सर्व ठीक' याच्या पुढे काही सुचेना. आता मात्र सांगण्यासारखं घडलं आहे. लहानपणी अंगणातल्या खांबाला बिनबुडाची बादली बांधून तुम्हीच तिला बास्केटबॉल शिकवलात, तेव्हा ऐकण्याचा पहिला हक्क तुमचा.

विषय तिच्या खुर्चीचा आहे. क्रीडागृहातल्या. आमच्या क्लबच्या समर्थक मंडळाला तिथे एक सबंध रांग मिळते आणि त्या रांगेत कोणी कुठे बसायचं ते मंडळ ठरवतं. तुमची भाची पहिल्या खुर्चीवर बसे, खेळाडूंच्या बाकाच्या अगदी मागे. तिथून बोललेलं प्रशिक्षकांना ऐकू जातं, आणि तिचं तर पलीकडच्या टोकाच्या पंचांनाही ऐकू जायचं. मंडळाचा एक नियम आहे: हंगामाच्या पहिल्या सामन्याला ज्याची खुर्ची रिकामी, त्याची ती गेली. कारण ऐकून घेतलं जात नाही. हा नियम तिनेच केलेला, आणि पहिली खुर्ची तिला मिळाली तीही याच नियमाने. आधी तिथे मंडळातला बसड्रायव्हर बसे. पहिल्या सामन्याला तो अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता. ती फळं घेऊन त्याला भेटायला गेली, चौकशी केली, उशी नीट केली आणि खुर्ची गेल्याचं सांगून आली. मला याचा अभिमानच वाटतो. दुसऱ्या कोणी फोनवर सांगितलं असतं.

तर गेल्या रविवारी मंडळातल्या दंतवैद्य डॉक्टरांचा फोन आला, दुपारी दवाखान्यात या, सगळे जमणार आहोत. मला वाटलं शोकसभा आहे. इस्त्रीचा शर्ट घातला आणि आभाराची दोन वाक्यं पाठ केली. (पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी. पाण्यात क्लोरीन किती हे सांगायला बोलावं लागत नाही, लिहिलं की पुरतं. त्यामुळे चारचौघांत बोलायची सवय राहिलेली नाही.) दारात चपला काढत होतो तर आतून मंडळातल्या विमा एजंटचा आवाज आला, "वय झालं, गुडघे गेले, आता केवळ भावनेपोटी किती दिवस सांभाळायचा? चांगली किंमत येतेय तोवर सोडून द्या." मला वाटलं विषय माझाच चालला आहे. फक्त किंमत येण्याचा भाग पटेना. आत जाऊन मी उभ्या उभ्या दोन्ही वाक्यं म्हणून टाकली. सगळे उठून उभे राहिले, सगळ्यांनी मान खाली घातली, आणि मग एजंट हळूच म्हणाला, "बसा भाऊजी. आपण जिराफाला विकतोय."

जिराफ म्हणजे आमच्या संघाचा सेंटर, ते तुम्हाला माहीत आहेच. मला मात्र हे नव्यानेच कळलं की हंगाम संपला म्हणजे यांचा खेळ संपत नाही. उलट खरी दमछाक तेव्हाच. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोण आणायचा, यावर रविवारमागून रविवार काथ्याकूट. एजंटच्या मते जिराफ देऊन दुसऱ्या क्लबचा तरुण गार्ड आणावा, ज्याला सगळे भिंगरी म्हणतात. डॉक्टरांच्या मते भिंगरी आणावी पण जिराफही ठेवावा. ("आणि द्यायचं काय, तुमची कवळी?" इति ड्रायव्हर.) ड्रायव्हरच्या मते काहीच करू नये, कारण चालत्या गाडीचं चाक कोणी बदलत नाही. यावर एजंट म्हणाला की गेल्या हंगामात गाडी चालत होती हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी जे ठरतं ते शिफारस म्हणून क्लबच्या व्यवस्थापकांकडे जातं, आणि व्यवस्थापक ती वाचतात अशी मंडळाची श्रद्धा आहे.

यातही तुमच्या भाचीने एक शिस्त लावून दिलेली होती. खेळाडू सोडण्याची सूचना ज्याला करायची असेल त्याने आतल्या खोलीत दातांच्या खुर्चीत आडवं व्हायचं, डॉक्टरांनी दिवा तोंडावर आणायचा, आणि मग बोलायचं. बाकीचे भोवती उभे. तिचं म्हणणं असं की टेबलाशी चहा पिता पिता कोणालाही कोणाला काढून टाकता येतं, त्या खुर्चीत माणूस जपून बोलतो. मी प्रत्यक्ष पाहिलं, मामा. बाहेर एजंट 'गुडघे गेले' म्हणत होता, तोच आत आडवा झाल्यावर 'गुडघ्यांचा थोडा प्रश्न आहे, पण माणूस गुणी आहे' म्हणू लागला. मला वाटतं ही पद्धत आमच्या कार्यालयातही आणावी.

जिराफावर मतं सारखी पडली. निकाल लागेना म्हणून चहा झाला आणि चहाबरोबर खुर्चीचा विषय निघाला. एजंटने घसा साफ केला. म्हणाला, ताईंची खुर्ची आता हंगामाच्या सुरुवातीला रिकामी राहणार, नियमाने जाणारच, त्यापेक्षा आत्ताच काही देवाणघेवाण झाली तर बरं, भाऊजींचंही नुकसान नको. त्याने मला त्याची खांबाआडची खुर्ची देऊ केली. मी काही बोललो नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं इतकंच, पण त्याने ते वेगळं घेतलं. खुर्चीबरोबर गादीही देतो म्हणाला. मी कपातला चहा पाहत राहिलो. तेवढ्यात डॉक्टर मध्ये पडले आणि त्यांनी आपली खुर्ची, शिवाय जन्मभर दात साफ करून द्यायचं कबूल केलं. ड्रायव्हर म्हणाला, मुळात ती खुर्ची माझी, तरी मी दर सामन्याला क्रीडागृहापर्यंत नेऊन आणीन. मी खिडकीकडे पाहिलं. एजंटने डॉक्टरांच्या कानात सांगितलं (मला ऐकू आलं), "फार मुरलेला माणूस आहे. ताईंनी तयार केलाय." मामा, लग्नापासून मी गप्प आहे म्हणून सगळ्यांचं ऐकून घेत आलो. त्याचं असं मोल पहिल्यांदाच झालं.

पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की हे सगळे ती खुर्ची गेलीच असं धरून चालले आहेत. ते काही वाईट नाहीत. तिच्या आजारपणात आलटून पालटून येऊन तिच्याशी भांडत बसत, आणि त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवत असे. तरी मला ते सहन होईना. मी कप ठेवला, आत गेलो आणि दातांच्या खुर्चीत आडवा झालो. डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "कुठली दाढ?" मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी दिवा लावला.

आता हे कसं जमलं ते सांगतो. सामन्याहून आली की तुमची भाची ओट्याला टेकून उभी राहायची आणि मी भांडी घासत असताना तो सामना पहिल्यापासून सांगायची. (एकदा रिबाउंड दाखवताना तिने माळ्यावरचं पातेलं उडी मारून काढलं. शिडीशिवाय.) मी 'हं' म्हणत असे. त्या 'हं'मध्ये इतकं साठलं असेल याची मलाही कल्पना नव्हती. दिव्याखाली डोळे मिटून मी सांगितलं की जिराफाच्या नावावर गुण कमी दिसतात, कारण तो गुण करायला उभाच नसतो. तो बास्केटखाली हातभर सरकतो. समोरच्याला त्याला वळसा घालावा लागतो आणि तेवढ्यात आपला कोणीतरी मोकळा होतो. टाकणाऱ्याचं नाव फलकावर लागतं, सरकणाऱ्याचं लागत नाही. भिंगरी चपळ आहे, मान्य, पण भिंगरीला फिरायला जागा कोण करून देणार? आणि दुखऱ्या गुडघ्याने जो हातभर सरकतो तो चांगल्या गुडघ्याने वावभर पळणाऱ्यापेक्षा उजवा, कारण कुठे सरकायचं ते त्याला कळलेलं असतं. मग म्हटलं, हे माझं मत नाही, तिचं आहे, आणि तिचं मत धरावं. आणखी एक, खुर्ची कोणाला द्यायची नाही. पहिल्या सामन्याला ती रिकामी राहणार नाही.

इतकं मी एका दमात आजवर कधी बोललेलो नाही. डॉक्टरांनी दिवा बाजूला केला. ड्रायव्हर नाक शिंकरत राहिला. मग एजंट म्हणाला, "ताईच बोलल्यासारखं वाटलं. नुसत्या शिव्या तेवढ्या राहिल्या." जिराफाला ठेवायचा ठराव एकमताने झाला. निघताना ड्रायव्हर दारापर्यंत आला आणि अवघडून म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका, पण त्या खुर्चीत तुम्ही नाही ना बसणार? मागे तुम्ही एकदा आलात तेव्हा आपण घरच्या मैदानावर हरलो होतो. ताईंनीच तुम्हाला बंदी घातली होती." मी म्हटलं, आठवतं. घरी चालत आलो. रस्ता नेहमीचाच होता, पण सांगायला हरकत नाही, मी जरा ताठ चाललो. एवढ्या हुशार माणसांना जिने अशी शिस्त लावली, तिच्या घरचा मी माणूस आहे.

पत्र लांबलं. मामींना नमस्कार. मांजराला काठी मारू नये, ते ऐकत नसेल तर गप्प बसून पाहावं, उपयोग होतो.

आपला,
जावई
(तुम्ही मला 'मौनीबाबा' म्हणता हे तिच्याकडून कळलं होतं. हरकत नाही.)

ता. क. पत्र टाकायला निघालो तेव्हा बातमी आली. क्लबने जिराफाला विकलं. व्यवहार म्हणे आधीच झालेला होता. भिंगरीही आली नाही, कोणी तिसराच आला, ज्याचं नावसुद्धा दवाखान्यात निघालं नव्हतं. तरी ठराव योग्यच होता असं माझं मत आहे. जिराफ तुमच्या गावच्या क्लबात येतो आहे. त्याला सांभाळा. तो कुठे सरकतो तिकडे लक्ष असू द्या.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे एवढं लिहिलं ते यासाठी. पहिला सामना तुमच्या क्लबशी आहे, इथे, आमच्या क्रीडागृहात. तिच्या खुर्चीत तुम्ही बसावं. मी एका संध्याकाळी सराव चालू असताना जाऊन बसून पाहिलं. खुर्ची चांगली आहे, पण मला तिथून उठवेना, आणि रखवालदाराला दिवे घालवायचे होते. शेजारची मला मिळाली आहे. ती डॉक्टरांची होती. दात साफ करणं त्यांना माफ केलं तेव्हा त्यांनी दिली. एका पंचाच्या निर्णयानंतर तुम्ही या क्रीडागृहात पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतलीत हे मला माहीत आहे. ते पंच निवृत्त झाले. डॉक्टरांनी अलीकडेच त्यांचा एक दात काढला, आणि भूल उतरण्याची वाट न पाहता त्यांना त्या निर्णयाबद्दल विचारलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती असं मंडळाने धरलं आहे. तेव्हा यावं. खुर्ची कडेची आहे, गुडघा लांब करता येईल. तुम्ही तुमच्या क्लबच्या बाजूने ओरडलात तरी मंडळ चालवून घेईल, मी बोललो आहे.

ता. क. तिसरा. आलात तर उत्तमच, पण गुडघ्याने दगा दिला तर काळजी करू नये, मी बसेन, मग हरलो तरी चालेल. त्या खुर्चीत ओरडावं लागतं, एवढीच अडचण होती. काल खिडक्या लावून सराव केला. शेजारच्या बाई धावत आल्या, "काका, पडलात की काय? काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पंचांनी चुकीचा निर्णय दिला. त्या म्हणाल्या, "मग एवढ्या हळू काय ओरडताय?"