उस्तादांविरुद्ध अपील

ता. ४ मार्च

आदरणीय अब्बांस,
सलाम वि. वि.

अम्मीचं पत्र मिळालं. तुमच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं हे वाचल्यापासून कामात लक्ष नाही. छापखान्यात कागद उलटा घातला आणि फोरमनच्या शिव्या खाल्ल्या. तरीही मी येऊ शकत नाही. कारण स्पष्टच लिहितो. मी इथल्या ज्या धार्मिक बैठकीला जातो, तिथले उस्ताद सांगतात, हुकूम फक्त अल्लाचा; माणसानं केलेला कायदा चालवणं म्हणजे त्याच्या सत्तेत वाटेकरी उभा करणं. तुम्ही वजनमापं खात्यात जन्मभर तेच केलंत, शिवाय दर निवडणुकीत मतही देता. तुम्ही तौबा करेपर्यंत घरी जाऊ नको, बाप नमाज पढवत असेल तर त्याच्या मागे उभं राहू नको, असं त्यांनी बजावलंय. रागावू नका. तब्येतीला जपा.

तुमचा मुलगा

ता. ९ मार्च

चि. वकीलसाहेबांस,
अ. उ. आ.

लहानपणी झोपायच्या वेळेवरूनसुद्धा माझ्याशी हुज्जत घालायचास, म्हणून तर तुला वकील म्हणतो. आणि उस्तादांना एकही प्रश्न नाही? तुझं पत्र वाचून अम्मी रडली. मीही रडलो, लपवत नाही.

हुकूम अल्लाचा, यावर आपलं भांडणच नाही. माप पुरं द्या, हाही त्याचाच हुकूम. पण तराजू तपासायला माणूस लागतो, आणि माणूस चुकतो. आमच्या मोठ्या साहेबांनी एकदा एका दुकानदाराची वजनं खोटी म्हणून जप्त केली. त्यानं अपील केलं, तर साहेबांचंच तपासणीचं वजन झिजलेलं निघालं! दुकानदाराला त्याची वजनं परत मिळाली आणि साहेबांचा चेहरा आठवडाभर बघण्यासारखा होता. तुझ्या उस्तादांचं वजन झिजलेलं असलं, तर अपील कुठे करायचं, एवढं त्यांना विचार.

माझ्या मागे उभं राहायचं नसेल तर नको राहूस. ऑपरेशनच्या आधी एकदा घरी ये. नमाज तू पढव, मी तुझ्या मागे उभा राहीन. माझा लोभ आहेच, तुझा तेवढा आटू देऊ नको.

तुझा अब्बा

ता. १४ मार्च

आदरणीय अब्बांस,
सलाम वि. वि.

उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, तुझ्या बापाची नमाज कबूलच होत नाही. हे अल्लानं तुम्हाला कधी कळवलं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. माझ्याशी वाद म्हणजे अल्लाशी वाद, असं म्हणून त्यांनी मला बैठकीतून बाहेर काढलं. माझा खोलीतला सोबतीही त्यांच्यातलाच. तो आता बोलत नाही. फार एकटं वाटतं, अब्बा. मतदानावरचा वाद मात्र मी सोडलेला नाही. तुम्ही बरे झालात की निवांत भांडू.

शनिवारी पोचतो. अम्मीला सलाम सांगा, आणि दोघांची माया माझ्यावर होती तशीच असू द्या.

नमाज मी पढवणार नाही. तुम्हाला दम लागतो, उभं राहवत नाही, असं अम्मीनं लिहिलंय. तुम्ही बसून पढवा. मागे मी आहे.

तुमचाच