डावी बाही

वेवजी,
१२ नोव्हेंबर २०१७

प्रिय प्रगती,

सोमवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि फाट्यावर गेलो. गुजरातच्या मासेमारीच्या बोटींवर माणसं नेणारी जीप उभी होती. काकड्याने माझी जागा धरली होती. “चढ ना रे, देवाला विचारायचं राहिलं काय?” तो ओरडला आणि जीपमधले सगळे हसले. निरोप द्यायला आलेल्या बायजी आत्याच्या कडेवर आपला लहान्या होता. पावसाळ्यापर्यंत तो तिच्याकडेच राहणार होता. मी त्याला परत मागून घेतला आणि तलासरीची रिक्षा धरली.

तुझी आई तलासरीला ज्या शिवणवर्गाला जायची, तो तुला ठाऊक आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या गरीब आईबापांसाठी तो चालतो, शेजारीच लहानग्यांची बालवाडी. शिकून झालं की मशीन आपलं होतं आणि शाळांच्या गणवेशांचं काम मिळतं. वर्गातून आली की तुझी आई चुलीपाशी बसून मशीन चालवल्यासारखे नुसतेच पाय हलवायची, टाच-चवडा, टाच-चवडा. भात कापताना साप चावला त्या दिवशीही, दवाखान्याच्या वाटेवर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती तुझ्या गणवेशाबद्दलच बोलत होती. एक बाही लावायची राहिलीय, म्हणाली. पुढे बोलली नाही. देवाने तिला का नेलं, हे मी त्याला विचारलेलं नाही. दिवा लावतो, पण बोलत नाही.

वर्गात तिची जागा रिकामीच होती. तुझ्या गणवेशाचा फ्रॉक मशीनवर घडी घालून ठेवलेला. मी तिथे बसलो तशी शेजारच्या मशीनवरची निलम म्हणाली, “काका, मिशी तेवढी सुईखाली घालू नका.” साऱ्याजणी हसल्या आणि मग माना खाली घालून शिवायला लागल्या. नांगर धरलेले हात माझे. दोरा सारखा तुटतो. बोटातूनही सुई गेली.

आईच्या दहाव्याला तू म्हणालीस, शाळा सोडते, लहान्याला मी सांभाळते. तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बा गप्प राहिला म्हणजे त्याला पटलं, असं तुला वाटलं असेल. म्हणून लिहितोय. तू वसतिगृह सोडून घरी यायचं नाहीस. लहान्या बालवाडीत रडतो, पण राहतो. यंदा पेजेवरच भागवावं लागेल, भागवू. मी बोटीवर गेलो नाही. आईच्या जागी माझं नाव लागलंय. फ्रॉक सोबत पाठवतोय. उजवी बाही तिची आहे. डावी वाकडी झालीय, ती मी लावली. उसवू नकोस. तसाच घाल आणि शाळेत जा.

तुझाच,
बा