आतल्या कोपऱ्याचा माणूस

सोमवार. तारीख हे पत्र लिहून देणारी शिवणवाली अठरा म्हणते, मी एकोणीस म्हणते. तुला आवडेल ती धर.

माझ्या विसराळू खारुताईला,

आजीचा सलाम आणि प्रभूची कृपा. कृपा त्याची, सलाम माझा, पोच मात्र दोन्हींची दे.

तुला आजी नावाची एक बाई होती, आठवतं का? ओळख पटावी म्हणून सांगते: पुढचा दात नाही, चहात साखर जास्त, आणि तोंड बंद राहत नाही. मागच्या पाकिटावर तू नुसतं ‘आजीला’ लिहून गल्लीचं नाव टाकलंस. ना घराचा नंबर, ना मजला. टपालवाला दारोदार विचारत फिरला, ‘तुमची नात विसराळू आहे का हो?’ सगळ्या आज्या हो म्हणाल्या. शेवटी पाकिटाला डांबराचा वास आला, आणि गल्लीत छपरं घालणारं घर आपलं एकच, म्हणून त्याने आपलं दार वाजवलं. म्हणजे तिकडेही लोकांच्या छपरांवरच चढतेस तर. बरं झालं. मला वाटलं होतं, रागाच्या भरात शिडीसुद्धा टाकून दिली असशील.

इकडे सगळं ठीक. मी ठणठणीत आहे. रोज सकाळी तिन्ही जिने उतरून खाली जाते, पाव आणते, चार माणसांशी भांडते आणि वर येते.

इथे शिवणवालीने पेन खाली ठेवलं. म्हणते, ‘मावशी, माप खोटं लिहिलं तर कपडा अंगाला बसत नाही. खरं सांगायचं तर सांगा, नाहीतर मी समोर माझ्या घरी जाते. पडदे शिवायचे पडलेत.’ आता पेन तिच्या हातात, त्यामुळे राज्य तिचं.

तर ऐक. जिने नाहीत. पावही नाही. माझा खुबा गेला. पलंगापासून खिडकीपर्यंत जाते आणि खिडकीपासून पलंगापर्यंत येते, एवढाच माझा प्रवास. बसवत नाही, पडवत नाही. चादर नीट करते, मग चुरगळते, मग पुन्हा नीट करते. डॉक्टर म्हणतात नवा सांधा बसवू, चालायला लागाल. त्यांनी दिवस दिला होता. रुग्णवाहिकेची माणसं खाट घेऊन आली, तर जिन्याच्या वळणावर खाट अडकली. मग म्हणाली, खुर्चीत बांधून उतरवतो. मी म्हटलं, मी काय कपाट आहे? त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. डॉक्टर रागावले. तुझा बाप तर त्यांच्याहून जास्त.

तुला हे कळवायचं नव्हतं. कळवलं असतं तर तू काळजी केली असतीस, आणि काळजीत तू पत्ता तेवढासुद्धा लिहीत नाहीस.

मी चर्चमध्ये जाऊ शकत नाही म्हणून रविवारची मंडळी आता माझ्याच खोलीत भरते. पाळक खुर्चीवर, बाकीचे जमिनीवर, मी पलंगावर राणीसारखी. तुझा बाप दाराला टेकून उभा. एका रविवारी पाळकांनी ती गोष्ट वाचली, अंग लुळं पडलेल्या माणसाची. घरात प्रभू बोलतायत, दारात पाय ठेवायला जागा नाही. म्हणून चार जण त्याला खाटेसकट वर नेतात, छप्पर उकरतात आणि दोरांनी खाली सोडतात, थेट प्रभूसमोर. पाळक पुढे क्षमेबद्दल फार छान बोलले. मध्येच तुझा बाप म्हणाला, ‘पण छप्पर नंतर कोणी नीट केलं?’

पाळक म्हणाले, ‘ते इथे महत्त्वाचं नाही.’

‘पाऊस पडला की कळेल महत्त्वाचं होतं की नाही,’ असं म्हणून तो बाहेर गेला.

सगळे हसले. मीही हसले. पण तेव्हापासून ती गोष्ट मला चैन पडू देत नाही. चहाच्या कपात वरून जरा धूळ पडली की मी छताकडे बघते. कारण तुझ्या बापाला छप्पर दिसलं, मला खाटेवरचा माणूस दिसला. अगं, त्याला कोणी विचारलं का? चौघांनी उचलला, गर्दीतून वर चढवला, लोकांच्या डोक्यावर लोंबकळत ठेवला. तो नक्की ओरडला असेल, ‘अरे गाढवांनो, डावीकडचा दोर धरा!’ शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. मला हे पटत नाही. आपल्या घरात न बोलणारा माणूस कधी जगलाय का?

आणि दुसरं. पाळकांना मी पुन्हा वाचायला लावलं, नीट कान देऊन ऐकलं. प्रभूंनी विश्वास पाहिला तो त्या चौघांचा. खाटेवरच्याचा होता की नव्हता, तिथे काही नाही. मला रागच आला. मी आयुष्यभर माझे गुडघे टेकून माझी प्रार्थना केली. तुम्हा सगळ्यांसाठीही मीच केली. आता म्हातारपणी दुसऱ्यांच्या विश्वासावर लोंबकळायचं? शिवणवालीला म्हटलं तर ती म्हणाली, ‘मावशी, तुम्ही इतकी वर्षं उचलत आलात, आता हात दुखले नाहीत का?’ मी तिला म्हटलं, तू लिही, बोलू नकोस. ती आत्ताही हसतेय.

आता पुढचं ऐक. तुझ्या बापाने मला न विचारता जुनी खुर्ची घेतली, तिला चार कोपऱ्यांवर दांडे बांधले, छपरावरचे दोर आवळले. माझं वजन किती, असं शिवणवालीला विचारलं. ती म्हणाली, घेराचं माप आहे, वजनाचं नाही. मग त्याने अंदाजाने वाळूचं पोतं खुर्चीत बसवलं आणि मला जिन्यांवरून उतरवायची तालीम सुरू केली. एका कोपऱ्याला तो, दुसऱ्याला टपालवाला, तिसऱ्याला शेजारचा नळवाला. चौथ्या कोपऱ्याला रोज नवा माणूस. जिन्याच्या वळणावर आतल्या बाजूला जागाच नाही गं. आडदांड माणूस भिंतीत अडकतो, किडकिडीत माणसाच्या हातून दांडा सुटतो. काल मी वळणावरून धडाम्‌ असा आवाज ऐकला आणि नळवाला ओरडला, ‘आजी पडल्या!’ मी पलंगावरून ओरडले, ‘आजी इथे आहे, आजीची वाळू पडली!’

संध्याकाळी तुझा बाप माझ्या पायाशी बसून दोराला पडलेल्या गाठी सोडवत होता. मी विचारलं, ‘जमत नाही ना?’ तो म्हणाला, ‘आतल्या कोपऱ्याला अंगाने बारीक आणि हाताने घट्ट माणूस लागतो. कौलं खांद्यावर घेऊन शिडी चढलेला.’ मग गप्प. मीही गप्प. म्हणजे बघ, प्रसंग किती बाका होता.

मग मान खाली घालूनच म्हणाला, ‘आई, त्या चौघांनी छप्पर उघडलं, त्याला कारण होतं. मी उघडलं, त्याला नव्हतं.’

बेकरीचं छप्पर गं. तुझ्या एकटीच्या हाताचं पहिलं. गळलं म्हणून याने बेकरीवाल्यासमोर तुझी सगळी कौलं उपसली, आणि तू शिडीवरून उतरलीस ती सरळ बसस्टँडवर गेलीस. याने पुन्हा घातलेलं छप्परही पहिल्याच पावसात गळलं. तेव्हा पन्हळ उघडून बघितली, तर आत पानं सडून गच्च बसली होती. पाणी मागे फिरून भिंतीतून उतरत होतं. तुझी कौलं बरोबर होती. हे त्याला तेव्हाच कळलं, आणि तेव्हापासून हा माणूस दाराला टेकून उभा राहतो, आत बसत नाही.

मला म्हणाला, ‘हे तिला लिहू नकोस.’ मी त्याला शब्द दिलाय, आणि पाळतेय. मला लिहिता कुठे येतं? लिहितेय ती शिवणवाली.

तू त्याला माफ कर असं मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच दिसतं की ते चौघे वाटेत एकमेकांशी बोलत होते की नव्हते, हेही कुठे लिहिलेलं नाही. कदाचित दोघांचं वाकडं असेल. पण खाट सरळ राहिली. बोलणं नसताना खाट सरळ धरणं हाही विश्वासच असणार, नाहीतर प्रभूंना वर बघून दुसरं काय दिसलं?

मी डॉक्टरांना हो कळवलंय. पुढच्या सोमवारी सकाळी न्यायचं ठरलंय. खुर्चीत बसेन, तोंड मात्र बंद ठेवणार नाही. तुझ्या बापाला सांगितलं, आतल्या कोपऱ्याला माणूस मी बघते. ‘कोण?’ म्हणाला. मी म्हटलं, तू दोर बघ. त्याने पुन्हा विचारलं नाही. पण आज सकाळपासून खालच्या दाराची कडी वाजली की तो जिन्यात जाऊन उभा राहतो.

भीती वाटते गं. सांध्याची नाही. त्या वळणाची.

पुरे झालं. शिवणवालीचं बोट दुखतंय आणि माझी चादर पुन्हा चुरगळलीय. नीट जेव. उंचावर कमरेला दोर बांध.

अजून वरच्या मजल्यावर अडकलेली,
तुझी आजी

ता. क. खायला काही पाठवशीलच, तर अंडी पाठव. हाडांना चांगली असतात म्हणे. कच्चीच पाठव. आणि टपालाने नको, टपालवाला आताच हात जोडतोय. अंडी बसमध्ये मांडीवर धरून आणावी लागतात. रविवारपर्यंत पोचली तर बरं.