चिमण्यांसाठी पक्का दोरा

दिग्रस, २४ फेब्रुवारी २००६
यंदा कापसाला भाव नाही, आमच्या जिनिंग कारखान्यात गाड्या येत नाहीत. मालक म्हणाले, घरीच बसा. नुसता बसणार नाही. पक्षी वाचवणार! दारावर बोर्ड लावला, 'पक्षी मदत केंद्र'. बायको, शीला, म्हणाली, आधी गळता नळ पाहा.

२७ फेब्रुवारी
मीटरच्या पेटीमागे चिमणीचं घरटं सुरू. मटेरियल अगदीच फालतू. गवत! खताची रिकामी पोती उसवून प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या, जुडी खिडकीला टांगली. शीला म्हणते, प्लास्टिक कायले, घरात कापूस पडून आहे. कापूस तुटतो. काम पक्कं पाहिजे. चिमणीनं लगेच पट्टी उचलली. ऊर भरून आला.

२ एप्रिल
पिल्लं उडाली. एक सोडून. ते घरट्याखाली उलटं लोंबकळत होतं, पायाला पट्टीचा पीळ पडलेला. आई तशातच त्याला अळी भरवत होती. हेल्मेट घालून स्टुलावर चढलो. ओढलं. ओढायला नको होतं. शेवटी शीलानं शिलाईची कात्री आणून सोडवलं. पाय काळा पडलाय. तिनं आधी पट्टी पाहिली, मग मला. मी पट्टी खिशात घातली आणि मोठ्यानं म्हणालो, संक्रांतीचा मांजा दिसतो.
नेमका शेजारचा गोविंदा फाटकात उभा. चाळिशी उलटली तरी गल्लीतला एक नंबरचा पतंगबाज. त्याचा चेहराच उतरला.

३ एप्रिल
गोविंदानं आपली फिरकी माझ्या दारासमोर जाळली. म्हणाला, भाऊ, माह्या हातून पाप झालं, मले माफ करा. मी खरं सांगणारच होतो. पण तो रडत होता. अशा वेळी माणसाला मध्येच तोडू नये.

४ एप्रिल, सकाळ
पिल्लू गेलं. बुटांच्या खोक्यात. शीला बोलत नाही. गोविंदा विचारायला आला, आता कसं आहे? म्हणालो, उडालं. त्याला बरं वाटलं. पट्टी अजून खिशातच आहे, फेकवत नाही.

९ एप्रिल
आज सांगायचंच. फायनल. गोविंदाकडे गेलो. त्याच्या बायकोनं, कांतावहिनींनी, चहा टाकला. गोविंदा मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेला. पाप फेडायला त्यानं घरातली सगळी पोती उसवली होती. गल्लीतल्या घरांच्या मागच्या प्रत्येक खिडकीला पट्ट्यांच्या जुड्या! म्हणाला, तुमचंच पाहून केलं भाऊ, चिमण्या पाहा कशा नेऊन राह्यल्या.
चहा पिऊन परत आलो.

९ एप्रिल, दुपार
तीच चिमणी मीटरमागे पुन्हा घरटं बांधते आहे. चोचीत गोविंदाची पट्टी. शीलाला सगळं सांगितलं. तिनं माझ्या खिशातली पट्टी काढून घेतली, कात्री उचलली आणि गोविंदाकडे गेली. मी बोर्ड उतरवला.
फाटक वाजलं. गोविंदा हाक मारतो आहे. मी घरी नाही असं सांगायला घरात कोणी नाही.