एकोणिसावं दार

पूज्य ताई,

शिरसाष्टांग नमस्कार. (वरचं 'पूज्य' आदरानं लिहिलंय. माझ्या गणिताच्या पेपरांवर तू जी पूज्यं पाहायचीस, ती वेगळी.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही मजेत आहोत.

परवा मोठं काम मिळालं. नव्या हॉटेलच्या शंभर दारांवर एक ते शंभर पितळी आकडे ठोकायचे. मी जेवता जेवताच हिशेब केला: नऊ, एकोणीस, एकोणतीस असे नव्याण्णवपर्यंत दहा नऊ, नव्याण्णवात एक जादा, म्हणजे अकरा. जे नवाचं तेच बाकीच्यांचं. ही म्हणाली, "एकदा कागदावर मांडून बघा." मी म्हटलं, पंचवीस वर्षं कानावर पेन्सिल घेऊन फिरतोय, ती काय शोभेला? आणि प्रत्येकी अकरा नग घेऊन आलो.

अकराव्या दारानं एकदम दोन एक खाल्ले तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. अठरावं दार झालं आणि पिशवीतले एक संपले. (एकोणिसाला एकोणीस का म्हणतात ते त्या दारापाशी कळलं. एक उणाच होता.) दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते आणि मॅनेजर मागेच उभा. "का थांबलात?" "पॉलिश बघतोय," मी म्हटलं आणि जिन्यात जाऊन हिला फोन लावला.

ही हसली नाही, हे तिचं मोठेपण. शिलाई मशीन थांबवून म्हणाली, "शून्य-शून्य ते नव्याण्णव असे शंभर नंबर दोन-दोन आकडी धरा. आकडे झाले दोनशे, जाती दहा, सगळ्यांचा वाटा सारखा. प्रत्येकी वीस. नव्वद ते अठ्ठ्याण्णवमध्ये पुढे बसलेले नऊ तुम्ही मोजलेच नाहीत. शून्य-शून्यच्या जागी शंभर येणार, म्हणून एक हा आकडा एकवीस वेळा. आणि पहिल्या नऊ दारांना पुढचं शून्य नको, म्हणून शून्यं अकराच." (म्हणजे शून्याच्या बाबतीत माझा हिशेब तंतोतंत होता. हे मी तिला दोनदा सांगितलं.)

दुकानातून कमी पडलेले आकडे आणले, संध्याकाळपर्यंत शंभरावं दार झालं. पिशवी झटकली, एकही नग पडला नाही. इतकं समाधान मला कुणी पगडी घालून सत्कार केला असता तरी झालं नसतं.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मॅनेजरनं खूश होऊन दुसरी इमारतही दिली, एकशे एक ते तीनशे. हिला पुन्हा विचारायचं म्हणजे जरा जड जातं. दोन हा आकडा किती लागेल, ते गुपचूप कळव. माझ्या मते चाळीस.

ता. क. दुसरा. ताई, यांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय. एकशे चाळीस लागतील. दोनशेपासून दोनशे नव्याण्णवपर्यंतचं प्रत्येक दार दोननंच सुरू होतं, ते हे विसरले. तुम्ही मात्र काही कळवू नका. विचारू देत मला.