नवप्रकाश क्लब वाचला

खापरखेडा,
ता. १५ फेब्रुवारी, रविवार

भाऊ प्रेमानंद,

मोठ्या बहिणीचा सप्रेम जयभीम. सगळे खुशाल आहो असं पहिल्या ओळीत लिहा लागते, ते मी लिहून नाही राहिली. तुही खुशाली नत्थूजीनं सांगतली. ड्युटीवर जाते, डबा खाते, खोलीवर येऊन पडते म्हणे. म्हणजे हात चालून राहिले. मंग फोन उचलाले काय होते तुले?

नत्थूजीची सुट्टी संपली, उद्या ते कोरब्याले परत चालले. त्याहिच्या हाती हे पत्र देते. फोन कापता येते, हाती दिलेलं पत्र कापता येत नाही. माही शाळा चौथीपर्यंतची, अक्षर लागलं नाही तं दुसऱ्यांदा वाच. दुसऱ्या कोणाले वाचाले देऊ नको.

पहिले मॅचचं सांगते. तुनं विचारलं नाही, पण आपल्या घरात पहिले मॅच अन् मंग जेवण, असंच चालत आलं.

नवप्रकाश खालच्या लीगमध्ये गेला नाही. वाचला. शेवटची मॅच होती, हरलो असतो तं गेलोच होतो. बरोबरी पुरे होती अन् तेवढीच झाली, एक-एक. मी अन् शेजारची पार्वतीबाई बसनं गेलो. तिले ऑफसाइड अजूनही समजत नाही, पण रेफरीले शिव्या माह्याहून चांगल्या देते, म्हणून नेते. समोर लकडगंजची टीम. व्यापाऱ्याइनं पैसा लावला आहे त्याच्यात, सगळ्या पोट्ट्याइचे मोजे एका रंगाचे. आपले मैदानात उतरले तसे त्याहिचे लोक ओरडले, राखवाले आले, राखवाले आले. पॉवर हाऊसची राख आपल्या घरावर पडते, हे पण आपलीच चूक.

खेळ म्हणशीन तं शरम वाटावी असा. हर्षितले गोलमध्ये कोणं उभा केला ते मले समजत नाही. कॉर्नर आला की माझा माझा ओरडत पुढं येते अन् बॉल जवळ पोचला की बाजूले होते, जसा बॉलले रस्ता देऊन राहिला. त्याहिचा गोल तसाच खाल्ला. दुर्गेश राइट बॅक नाही, नवरदेव आहे. केस बसवून येते, मंग हेडिंग कसा करन? पूर्ण पहिला हाफ त्याच्या बाजूनं लकडगंजवाले बाजाराले आल्यासारखे येत होते. मी कडेले जाऊन दादाजीले विचारलं, कोच ना गा तुम्ही, बदली काहून करत नाही? तं म्हणे, ताई, बाकावरचे तं याहिच्याहून गयेगुजरे आहेत. असा आपला कोच अन् असा आपला क्लब.

साहिल बरा खेळला.

बरा काय, तोच खेळला. आपल्या हाफमधून बॉल घेऊन जाये, समोर पाहे तं पास द्यायले कोणी नाही, मंग एकटाच जाये. दुसऱ्या हाफात थ्रो आला, त्यानं छातीवर घेतला, खाली पडू दिला अन् उजव्या पायानं असा मारला की त्याहिचा गोली जागचा हलला नाही. पार्वतीबाईनं माह्या दंडाले चिमटा घेतला, तो डाग अजून आहे. मी ओरडली नाही. मले रडू आलं, अन् रडू आलं म्हणून राग आला.

त्याच्यानंतरचं तुले माहीत आहे. तरी लिहिते, कारण तुनं ते फोनवर ऐकलं, मी डोळ्यानं पाहिलं.

मॅच संपाले आली होती. त्याहिचा एक जाडा बॅक आडवा घसरत आला, बॉल गेला तिकडं अन् त्याचा बूट गेला साहिलच्या नडगीवर. आवाज कडेपर्यंत आला. तोवर दादाजीच्या बदल्या संपल्या होत्या. साहिल उठला अन् मैदानाच्या कोपऱ्यात एका पायावर उभा राहिला, दहाचे अकरा दिसावे म्हणून. शिटी वाजली तशी आपली सगळी पोट्टी धावत गेली अन् त्याले खांद्यावर घेऊन नाचली. तो ओरडून राहिला होता, त्याहिले वाटलं खुशीनं ओरडते. पाय खाली लटकत होता. मी चपला हातात घेऊन धावली अन् एक दुर्गेशच्या पाठीत घातली, तेव्हा उतरवला.

मैदानावर पट्टीचा डबा घेऊन बसणारा पोट्टा होता. तो म्हणे, मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात न्या, हाडाचा फोटो काढा. ऑटो तिकडेच निघाला होता. साहिलचं डोकं माह्या मांडीवर. म्हणे, आत्या, बाबाले फोन लाव. फोन माह्याच हातात होता, त्याच्या कानाशी धरला होता. तुहा आवाज असा मोठा की ऑटोवाल्यानं पण ऐकला.

तू म्हटलं, "मेडिकलले नेऊ नका. ते प्लास्टर घालतीन, दीड महिना गेला, ट्रायल गेली. पहेलवानाकडे ने. माहा पाय त्यानंच बसवला, दिवाळीले मी मैदानात होतो."

ऑटो वळवाले मी लावला. हे पण लिहून देते, नाही तं म्हणशीन सगळं माह्यावर टाकते.

नोकरीवाल्या टीमची ट्रायल मार्चमध्ये होती, मले माहीत आहे. पोरगं चिकटलं असतं तं तुह्यासारखं ठेकेदाराच्या मागं फिरा लागलं नसतं, हे पण माहीत आहे. तुहं चुकलं कुठं ते मी म्हणून नाही राहिली. नवप्रकाशात कोणाचं हाड सरकलं की नदीपलीकडच्या पहेलवानाकडे, हीच रीत आहे. डॉक्टरकडे जाणाऱ्याले भित्रा म्हणतात. ही रीत कोणापासून पडली? क्लबच्या खोलीत तुहा फोटो आहे, कप हातात घेऊन. नवीन पोट्टा आला की दादाजी त्याले त्या फोटोखाली उभा करून सांगते, पाहा, याचा पाय मोडला होता.

पहेलवानानं पाय ओढला, लेप लावला, बांबूच्या कामट्या लावल्या अन् पट्टी आवळली. म्हणे, मी सांगतो तोवर सोडायची नाही, ठणकलं तं समजा हाड धरून राहिलं. ठणकलं. पोरगं उशी चावत होतं. मी तुले परत फोन केला, तं तू म्हणे मलेही असंच ठणकलं होतं, दम धर म्हणा. मंग ठणकणं थांबलं अन् आम्ही खुश झालो. मी मटण केलं. बोटं काळी दिसली तेव्हा समजलं की ते काहून थांबलं होतं.

मेडिकलच्या डॉक्टरीण बाईनं पट्टी कापली. आवळलेल्या पट्टीनं रक्तच खाली जात नव्हतं म्हणे. पाय गुडघ्याच्या खालून काढा लागला. इतकंच लिहिते. दीप्तीनं हे तुले फोनवर सांगतलं अन् तेव्हापासून तू फोन कापून राहिला.

पार्वतीबाईनं घरी त्याचे बूट धुवून उन्हात ठेवले होते. दोन्ही. मी म्हटलं दोन्ही कायले धुतले वं, तं ती तिथंच बसून रडाले लागली. मी तिच्यावर खेकसली. मले दुसरं काही येत नाही.

दीप्ती वॉर्डातच राहते, जमिनीवर झोपते. तिले वाटते, नवऱ्याले सुट्टी भेटून नाही राहिली. ऑटोतल्या फोनचं तिले माहीत नाही. साहिलनं डॉक्टरले, आईले, सगळ्याइले सांगतलं की पहेलवानाकडे जायचा हट्ट मीच केला. मी बाजूले बसून ऐकलं अन् गप्प राहिली. मले वाटलं, बापाले वाचवून राहिलं पोरगं. तसं असतं तं बरं होतं. मी हे पत्र लिहिलं नसतं.

परवा दीप्ती औषध आणाले गेली तेव्हा त्यानं मले जवळ बोलावलं. तोंड भिंतीकडे होतं.

"आत्या, पट्टी मी सोडली होती. सहन नाही झालं म्हणून. मंग भेव वाटला, परत आवळली, पहिल्याहून जास्त. बाबानं सोडली नव्हती. म्हणून त्याहिचा पाय बसला अन् माहा गेला."

प्रेमानंद, हे दोनदा वाच.

डॉक्टरीण बाईनं त्याले समजावलं की बेटा, पट्टीनंच झालं, तुह्या सोडण्यानं नाही. तो हो मॅडम म्हणते. ती गेली की म्हणते, तिले काय माहीत, बाबाचं उदाहरण समोर आहे. जेवण बंद आहे. नळीनं जाते तेवढंच. फुटबॉल गेला म्हणून रडला असता तं मी समजली असती, तो त्याच्यासाठी रडत नाही. आपण दम धरला नाही म्हणून रडते. नर्स पट्टी बदलाले येते तेव्हा तोंडातून हूं काढत नाही. आता दम धरून दाखवून राहिला. कोणाले, ते तू समज.

क्लबची पोट्टी येतात, बिस्किटं खातात, जातात. मैदानात नाहीत तशी इथं सगळी एका लाइनीत उभी राहतात. परवा हर्षितचं बोट सुजून होतं, पट्टी बांधलेली. कोणं बांधली विचारलं तं खाली पाहाले लागला. पहेलवानानं. मी म्हटलं, डोळे फुटले काय गा तुमचे, हा पलंगावर कोण पडला आहे? तं म्हणे, ताई, साहिलनं पट्टी सोडली होती ना. म्हणजे क्लबात सगळ्याइले त्यानं स्वतःच सांगतलं आहे.

आता जे तुले अन् मलेच माहीत आहे, ते लिहिते.

दिवाळीले तू मैदानात होता. उभा होता. कप घ्यायले अन् फोटो काढाले. त्याच्यानंतर एक मॅच पूर्ण खेळला काय तू? नोकरी लागली म्हणून खेळ सोडला, असं गावाले सांगतलं. तुही नडगी वाकडी बसली. उजव्या चपलेत रबराचा तुकडा शिवून आणाले तू मले सीताबर्डीले पाठवत होता, खापरखेड्यातल्या मोच्याले समजू नये म्हणून. मी गेली, आणला, कोणाले सांगतलं नाही. भावाची इज्जत म्हणून. पोरानं तुले आजवर हाफ पँटीत पाहिलं नाही. घरात पण तू लुंगी नेसत नाही.

मी त्याले सांगतलं. तुह्या बापाचा पाय बसलाच नव्हता बापा, पट्टी सोडून काही बिघडलं नाही, ती बांधली तिथंच बिघडलं. त्यानं माह्याकडे असं पाहिलं जसं मी त्याच्या बापाले शिवी दिली. म्हणे, आत्या, तू बाबावर पहिल्यापासूनच चिडते.

खरं आहे, चिडते. म्हणून माह्या तोंडचं चालत नाही. डॉक्टरचं चालत नाही. तुहंच चालते.

तं तू ये. नत्थूजीजवळ विचारून ठेवलं आहे, तुह्या ठेकेदाराकडे माणसं आहेत, सुट्टी भेटते. दीप्तीले समजू नये वाटत असन तं मी तिले खाली चहाले नेते अन् लवकर वर येऊ देत नाही. तेवढं करीन. साहिलजवळ माफी मागू नको, त्याले ती नको आहे. तो तुह्यावर चिडलाच नाही, हेच तं दुखणं आहे. रडून दाखवू नको. नशीब, कर्म असलं काही बोलू नको, बाबासाहेबाच्या घरात जन्मून ते शोभत नाही. तोंडातून काहीच निघालं नाही तरी चालन. त्याच्या पलंगाजवळ बस अन् उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर कर. तो फुटबॉलवाला आहे. पाय पाहिला की त्याले समजते.

मले माहीत आहे तुले ते किती जड जाईन. इतकी वर्षं झाकला तुनं. पण तुहा वाकडा का होईना, आहे.

आला तं तुही बहीण,
नाही आला तं साहिलची आत्या,

सत्यवती