हौदात उडी मारणारा तो मी नव्हे

चि. हारुयोशी यास ओसाकाहून दाजीचे अनेक आशीर्वाद.

सार्वजनिक हमामखान्यांच्या घरांत वाढलेल्या आपणा सर्वांचं दुःख एकच आहे. आधी अंग धुवा, मग हौदात उतरा, हे आपण जन्मभर सांगतो आणि माणसं ऐकत नाहीत. तू चित्रकार होऊन त्यातून सुटलास. तुझ्या वडिलांचा हमामखाना मी चालवतो, म्हणून मी सुटलो नाही. असो. तुझी पाठ कशी आहे? इकडे गारवा पडू लागलाय, तुझी फुमिएताई मजेत आहे.

तू नोकरीला नवा होतास, तेव्हा तुमच्या कंपनीच्या व्हिडिओ गेममध्ये एका गुंडाला चेहरा हवा होता आणि तू आमच्याकडे जेवायला होतास. झालं, तू माझाच चेहरा काढलास. गेममध्ये मी गोदामाच्या दाराशी उभा राहिलो, ‘पुढे जाऊ देणार नाही’ म्हणालो आणि एका लाथेत समुद्रात पडलो. गल्लीतल्या पोरांनी मला ओळखलं. मी रागावलो नाही. (पडणार हे ठाऊक असूनही जो दार सोडत नाही, त्याच्याबद्दल मला आदर आहे. इतिहासाच्या जाड ग्रंथांतही अशी माणसं थोडीच भेटतात.) दुसऱ्या गेममध्ये मला पाडायला दोन लाथा लागू लागल्या. तिसऱ्यात मला नाव मिळालं, चौथ्यात टोळीच्या सरदाराची बॅग उचलायला मिळाली. आणि या पाचव्या गेममध्ये खेळणारा मला निवडू शकतो, मला घेऊन लढू शकतो. तुझ्या ताईने त्या दिवशी शुभप्रसंगाचा लाल भात शिजवला.

संध्याकाळी सगळी गल्ली आंघोळी आटोपून बाहेरच्या खोलीत जमली, हातात गार दुधाच्या बाटल्या घेऊन. तातामी चटया विणणाऱ्या म्हाताऱ्या नागाईसाननी गेम लावून मला निवडलं आणि सरदाराला लोळवलं. टाळ्या पडल्या. मग विजयाचं दृश्य आलं. पडद्यावर मी कपडे भिरकावले आणि अंगावर थेंबभर पाणी न घेता थेट गरम हौदात उडी मारली. वर, हौदात कधीच न्यायचा नसतो तो टॉवेलही पाण्यात बुचकळला.

टाळ्या थांबल्या. नागाईसाननी बाटली खाली ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, “तोकुजिरोसान, आम्ही घरी गेल्यावर तुम्ही असंच करता का?”

तेव्हापासून माझ्या शब्दाला किंमत उरलेली नाही. परवा दोन कॉलेजची मुलं साबणाच्या फेसासकट हौदात शिरली. मी हटकलं, तर एक म्हणतो, “काका, तुम्हीच तर दाखवलंत.” नागाईसानच्या बायकोने शेजारच्या वस्तीतला हमामखाना धरलाय. (पाय दुखतात तरी चालत जाते.) आणि येत्या महिन्यात आमच्या हमामखानेवाल्यांच्या संघाच्या सभेत स्वच्छतेवर मुख्य भाषण माझंच आहे. भाषणाला मी कधी घाबरलो नाही, तुझ्या लग्नातलं तुला आठवत असेलच. पण समोर बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे मी टॉवेल बुचकळत असेन, तर बोलू काय?

तू फोनवर म्हणालास की, अंग धुताना दाखवलं तर दोन सेकंद वाढतील आणि तुझ्या हाताखालच्या मुलांच्या मते खेळणारे कंटाळतील. हारुयोशी, इतकी वर्षं त्याच खेळणाऱ्यांच्या लाथा खाऊन जो समुद्रात पडला, त्याला दोन सेकंद मिळू नयेत? त्या मुलांना सांग, गुंडगिरी हा त्याचा धंदा होता, घाणेरडेपणा कधीच नव्हता. गुंडही आमच्याकडे येतात; गुमान बसून पाठ चोळून घेतात.

राग धरू नकोस. चित्र झकास जमलंय, पोटसुद्धा हुबेहूब आहे. प्रकृतीला जप.

तुझा दाजी,
तोकुजिरो

ता. क. वरचं सगळं वाचून तुझी ताई म्हणते की, लोक आता मला बघायला येतात, गर्दी वाढली आहे, तेव्हा उगाच काही बदलू नका. तिचं मनावर घेऊ नकोस.

ता. क. आणखी एक. नागाईसान भला माणूस. माझ्यावरच्या मायेने ते आता रोज मलाच निवडतात आणि मी हौदापर्यंत पोचू नये म्हणून मुद्दाम हरतात. बाकीचेही तेच करतात. लढवय्या झाल्यापासून मी जितका मार खाल्ला, तितका गुंड असताना खाल्ला नव्हता. तेव्हा हे पत्र खाली ठेव, कचेरीत जा आणि मला उडीआधी एक बादली दे. एकच. खाली बसून, खांद्यावरून ओतून घेईन.